मंगळावरील स्वारी आणि लोकांची आठवण

अमेरिकेंत ज्यांचें बालपण रेडिओसमोर बसून गेलें, त्या पिढीच्या स्मरणांत एक रात्र विशेष ठळक राहिली : रविवार, ता. ३० ऑक्टोबर १९३८. त्या रात्रीं आठ वाजतां कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिमवरून ऑर्सन वेल्स या २३ वर्षांच्या नटानें, एच्. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या ‘वॉर ऑफ दि वर्ल्ड्स’ या कादंबरीवरून रचलेली श्रुतिका सादर केली. (नांवें सारखीं दिसलीं तरी उभयतांत नात्यागोत्याचा संबंध नव्हता.)

हॉवर्ड कॉख याच्या लेखणींतून उतरलेल्या या श्रुतिकेची योजना मोठी चतुर होती. नृत्यसंगीत चालू असावें, मध्येंच तें थांबवून मंगळावर स्फोट दिसल्याची वार्ता यावी. पुन्हा संगीत, पुन्हा वार्ता. पुढें न्यू जर्सींतील ग्रोव्हर्स मिल या खेड्यांत अग्निगोल पडावा, आणि तेथून बोलणाऱ्या बातमीदाराचा आवाज एकाएकीं तुटून सर्वत्र शांतता पसरावी! बातमीदाराची भूमिका करणाऱ्या नटानें तर १९३७ सालीं त्याच प्रांतांत हिंडेनबुर्ग ही वायुनौका जळाली, त्या प्रसंगाच्या वर्णनाची ध्वनिमुद्रिका मुद्दाम ऐकली होती. शिवाय महिन्याभरापूर्वींच म्यूनिकच्या प्रकरणांत चालू कार्यक्रम थांबवून युद्धवार्ता ऐकण्याची श्रोत्यांस संवय झालेली. हें नाटक आहे असें आरंभीं सांगितलें होतें हें खरें. पण जो उशिरां ऐकावयास बसला त्याला तें कोठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं पहिल्या पानावर छापलें कीं, देशभर हाहाकार उडाला. तीच कथा आजतागायत सांगितली जाते. परंतु वाचकहो, त्याच रात्रीं सुमारें ५,००० घरीं टेलिफोन करून कोण काय ऐकत आहे याची चौकशी झाली होती. तींत हा कार्यक्रम ऐकणारे शेंकडा दोनच निघाले. पुष्कळ लोक दुसऱ्या केंद्रावर एडगर बर्गन या शब्दभ्रमकाराचा खेळ ऐकत होते. जेथें बाहुली दिसत नाहीं आणि ओठ हलतात कीं नाहीं हेंही कळत नाहीं, तेथें शब्दभ्रमांत रमणें हा मला मंगळवासीयांहून मोठा चमत्कार वाटतो!

कांहीं माणसें खरोखर भ्याली, पोलिसांकडे टेलिफोनही खणखणले. तें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु आर्थिक मंदीच्या काळांत रेडिओनें वर्तमानपत्रांच्या जाहिराती ओढून नेल्या होत्या, तेव्हां या नव्या प्रतिस्पर्ध्यास बेजबाबदार ठरविण्याची संधि त्यांनीं कशी दवडावी? शाळेंत आम्ही रज्जुसर्पाचा दृष्टांत शिकवीत असूं. अंधारांत दोरी पाहणारास साप भासतो, हें समजण्यासारखें आहे. पण येथें ज्यांनीं दोरीही पाहिली नाहीं ते सापाची लांबी सांगूं लागले!

वेल्सचें यांत कांहींच बिघडलें नाहीं. कँपबेल या सूप विकणाऱ्या कंपनीनें त्याच्या कार्यक्रमाचा खर्च उचलला, आणि १९४१ सालीं त्याचा ‘सिटिझन केन’ हा बोलपट निघाला. ग्रोव्हर्स मिल येथें तर १९८८ सालीं, या प्रसंगास पन्नास वर्षें झालीं म्हणून, कधींही न उतरलेल्या मंगळवासीयांचें स्मारक उभारण्यांत आलें.