अब्रू चर्चची, बदनामी ख्रिस्ताची

आयर्लंड चर्चच्या हातून निसटला. तो कोणा नास्तिकाने हिरावून नेला नाही, चर्चनेच घालवला. 1961 च्या जनगणनेत तिथली शंभरातली पंचाण्णव माणसे स्वतःची नोंद कॅथलिक म्हणून करीत होती. 2022 मध्ये ती एकोणसत्तर उरली. 1979 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये मिस्सा अर्पण करायला उभे राहिले तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसे लोटली होती. 2018 मध्ये त्याच मैदानावर पोप फ्रान्सिस आले तेव्हा गर्दी दीड लाखाच्या आसपास थांबली. आणि हा काही कच्च्या श्रद्धेचा मुलूख नव्हे. इंग्रजांच्या जुलमी कायद्यांनी मिस्सा बंद पाडली, धर्मगुरूंना हद्दपार केले, तेव्हा याच लोकांच्या पूर्वजांनी उघड्या माळावर दगडाची वेदी करून, पहारा ठेवून प्रार्थना केली होती. छळाने जी श्रद्धा मोडली नाही ती सत्तेने मोडली. चर्च तुरुंगात होते तोवर लोक त्याच्यासाठी जीव द्यायला तयार होते. चर्च तुरुंगाधिकारी झाले आणि लोकांनी पाठ फिरवली.

बेळगावची सविता हलप्पनवार हे नाव मराठी वाचकाने विसरता कामा नये. एकतीस वर्षांची ही दंतवैद्य नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहत होती. 21 ऑक्टोबर 2012 रोजी, सतराव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या म्हणून ती तिथल्या इस्पितळात गेली. गर्भ वाचणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितले. मग सुटका करा, अशी तिने विनवणी केली. नकार मिळाला, कारण गर्भाचे ठोके चालू होते, आणि ठोके चालू असताना आईचा जीव धोक्यात असल्याची खात्री पटेपर्यंत डॉक्टरचे हात कायद्याने बांधलेले होते. मी आयरिशही नाही, कॅथलिकही नाही, असे ती कळवळून म्हणाल्याचे तिच्या नवऱ्याने सांगितले. हा कॅथलिक देश आहे, असे उत्तर तिला एका सुईणीकडून मिळाले. पुढे मृत्यूच्या चौकशीत त्या सुईणीने शपथेवर ते कबूल केले; दुखवायचे नव्हते, असेही ती म्हणाली. तीन दिवसांनी ठोके आपोआप थांबले. तोवर विष रक्तात भिनले होते. 28 तारखेला सविता गेली.

डॉक्टरांनी जंतुसंसर्ग वेळीच ओळखला नाही, देखरेखीत हयगय झाली, हे चौकशी अहवालांनी स्वच्छ लिहिले आहे आणि ते आम्ही झाकत नाही. पण सगळ्यांचे लक्ष आईच्या चढत्या तापाऐवजी गर्भाच्या ठोक्यांवर का खिळले होते, याचाही निर्वाळा त्याच अहवालांत आहे. त्या सुईणीवर आमचा राग नाही. बिशपांनी पिढ्यान् पिढ्या जे पढवले तेच तिने बोलून दाखवले. आमचा प्रश्न बिशपांना आहे. बेळगावच्या त्या घरात ख्रिस्ताचे नाव पोहोचले ते कशाच्या रूपाने? लेकीला मरू देण्याचे कारण म्हणून! आता त्या उंबरठ्यावर कोणते शुभवर्तमान घेऊन जायचे? कोणत्या तोंडाने?

गर्भपात रोखणारा जो कायदा सविताच्या आड आला, तो 1983 मध्ये चर्चच्या पाठबळावर राज्यघटनेत घातला गेला होता. तेव्हा जवळपास 67 टक्के मतदार बाजूने होते. 25 मे 2018 रोजी 66.4 टक्के मतदारांनी तोच उपटून फेकला. पस्तीस वर्षांत देश तराजूच्या एका पारड्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसला. मतदानाआधी सविताच्या आईवडिलांनी बेळगावहून आयरिश जनतेला आवाहन केले. डब्लिनमध्ये एका भिंतीवर सविताचा चेहरा रंगवला गेला आणि त्याभोवती लोकांनी हाताने लिहिलेल्या शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या; कुणी माफी मागितली, कुणी तुझ्यासाठी मत दिले म्हणून कळवले. धर्मगुरूसमोर पापनिवेदनाला बसणे सोडून दिलेले लोक एका परदेशी मुलीच्या चित्रासमोर रांगेने येऊन कबुली देत होते.

गर्भातले जीवन पवित्र आहे असे मानण्याचा हक्क कोणाही ख्रिस्ती माणसाला आहे, आणि आम्हीही ते मानतो. पण जे पटवून द्यायचे ते शिपायाकरवी लादायला निघालात की लोक तुमचे म्हणणे विसरतात, शिपाई तेवढा लक्षात ठेवतात.

आयर्लंडच्या बिशपांनी हा शिपाई फार वर्षे पदरी बाळगला. 1937 च्या राज्यघटनेत कॅथलिक चर्चला विशेष स्थान लिहून मिळाले. ते कलम काढायला 1972 चे सार्वमत उजाडावे लागले. 1951 मध्ये नोएल ब्राउन या आरोग्यमंत्र्याने आयांना आणि सोळा वर्षांखालील मुलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वैद्यकीय मदत देण्याची योजना आणली. गरिबाचे मूल औषधावाचून मरू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. बिशप खवळले. कुटुंबाच्या हक्कांत सरकारने ढवळाढवळ करू नये, असे त्यांनी बजावले. सरकारने गुडघे टेकले आणि मंत्र्याला घरी जावे लागले. येशूने आजाऱ्याला बरे करताना कोणाचे उत्पन्न विचारले होते?

ज्या वर्षी बिशप कुटुंबाच्या पावित्र्यासाठी मंत्र्याचा बळी घेत होते, त्या वर्षी ट्यूम या गावात काय चालले होते ते पाहा. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना ठेवण्याचा तिथे एक आश्रम होता. इमारत सरकारी, कारभार सिस्टरांचा. तो 1925 पासून 1961 पर्यंत चालला. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी सरकारी दप्तरातून एकेक मृत्यूदाखला मागवला, तेव्हा त्या आश्रमात मेलेल्या मुलांचे 796 दाखले हाती आले. दफनाची नोंद मात्र कुठेच नाही. 2017 मध्ये सरकारी आयोगाने सांगितले की आश्रमाच्या आवारात, सांडपाण्याशी संबंधित वाटणाऱ्या जमिनीखालच्या बांधकामात, लहान मुलांचे अवशेष मोठ्या संख्येने आहेत. त्यांना बाहेर काढण्याचे काम सुरू व्हायला 2025 साल उजाडले.

या बाईंनी स्वतःच्या लहानपणाची एक गोष्ट जाहीरपणे सांगितली आहे. आश्रमातली मुले शाळेत दहा मिनिटे उशिरा आणली जात आणि इतरांच्या आधी परत नेली जात, म्हणजे गावच्या मुलांशी त्यांची भेटच नको. एकदा गंमत म्हणून कॅथरीनने गोळीचा रिकामा कागद नीट गुंडाळला आणि त्यांतल्या एका पोरीला दिला. पोरीने आशेने उघडला. आत काही नव्हते. ते म्हातारपणापर्यंत त्या बाईंच्या मनाला टोचत राहिले, आणि त्या टोचणीतूनच 796 नावे उजेडात आली. एवढ्याशा मुलीच्या मनात हा खेळ कुठून आला? ज्या पोरांना मोठी माणसे पापाची संतती म्हणतात, त्यांची चेष्टा करायला मुले आपोआप शिकतात. त्या शाळेत धर्माचा तास रोज होत असेल. खरा धर्म मुले दारातल्या त्या दहा मिनिटांत शिकली.

या सगळ्याच्या मुळाशी एकच रोग होता: बोभाटा नको! 2009 च्या मर्फी अहवालाने डब्लिनच्या धर्मप्रांताबद्दल लिहून ठेवले आहे की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंच्या तक्रारी आल्या तेव्हा वरिष्ठांना काळजी होती गुप्ततेची, संस्थेच्या नावाची आणि मालमत्तेची. मूल त्या यादीत फार खाली होते. डब्लिनच्याच ड्रमकाँड्रा भागात सिस्टरांच्या दुसऱ्या एका संघाने 1993 मध्ये जमीन बिल्डरला विकली. तिथे समाजाने टाकून दिलेल्या आणि त्यांच्या धुलाईघरात राबून मेलेल्या स्त्रियांची दफनभूमी होती. परवानगी 133 मृतदेह हलवण्याची होती, निघाले 155. अनेकींचे मृत्यूदाखलेसुद्धा नव्हते. नाव राखण्यासाठी ज्यांनी एवढे गाडले, त्यांचे नाव आज काय आहे?

आणि तरीही त्याच डब्लिनमध्ये फादर पीटर मॅकव्हेरी या येशूसंघीय धर्मगुरूला लोक मान देतात, कारण हा माणूस 1970 च्या दशकापासून बेघर पोरांमध्ये राहिला आणि सरकारला घरांच्या प्रश्नावर सळो की पळो करून सोडत आला. ब्रदर केविन क्रॉउली यांनी 1969 मध्ये भुकेल्यांसाठी अन्नछत्र उघडले, त्याचे दार आजही उघडे आहे. लोकांचा राग ख्रिस्तावर असता तर त्यांनी यांनाही झिडकारले असते. लोक नेमके पाहतात. आंधळे झालो आहोत ते आम्ही.

आता आपल्या घरात या. आमच्याकडे सत्ता नाही, आम्ही देशात 2.3 टक्के, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लिखाणात रोकडा सवाल केला होता की बाप्तिस्मा घेऊन अस्पृश्याची जात गेली का. आजही आपल्याकडे त्याचे सरळ उत्तर नाही. तिरुचिरापल्लीत कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी पाडणारी भिंत उभी राहिली. गोव्यात बामण, चारडो, सुदीर ही वर्गवारी वेदीसमोर गुडघे टेकूनही विरघळली नाही. लग्नाच्या जाहिरातीत ती बिनदिक्कत छापून येते. चर्चमध्ये दलितांशी अस्पृश्यता पाळली जाते, हे भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये आपल्या धोरणपत्रात स्वतःच मान्य केले. मान्य करून काय केले? कोणत्या धर्मग्रामात काय बदलले, हे मोजायला कोण बसले?

आणि राजकारण! मार्च 2023 मध्ये थलश्शेरीच्या आर्चबिशपांनी शेतकरी मेळाव्यात जाहीर केले की केंद्राने रबराला किलोमागे 300 रुपये भाव दिला तर केरळमधून भाजपचा खासदार निवडून देऊ. रबर उत्पादकाचे हाल खरे आहेत, त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण मेंढपाळाने मेंढरांची मते बाजारात भाव ठरवून उभी करायची? उद्या दुसरा पक्ष 310 देईल. तेव्हा शेजारचा हिंदू, शेजारचा मुसलमान आमच्या विश्वासाची किंमत किलोत करू लागला तर त्याला दोष कसा द्यायचा?

महाराष्ट्रात ख्रिस्ती नावाला जी प्रतिष्ठा आहे ती अशा सौद्यांतून आलेली नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या पोरींना छप्पर दिले. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या साऱ्यांसाठी देवाचा दरबार भरवला. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 पासून अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका केले, त्यांत दलित बायका होत्या आणि गावाला त्यांच्या हातून औषध घ्यावे लागले. जातीवर असा घाव किती प्रवचनांनी घातला असता?

आज प्रार्थनासभांवर झुंडी चालून येतात, पाळकांना मारहाण होते. अशा वेळी घरातले धुणे चव्हाट्यावर कशाला, असे आम्हाला विचारले जाईल. विचारणाऱ्यांनी आयर्लंडचा तो माळ आणि तो दगड आठवावा. झुंड चर्चच्या काचा फोडते. गाडलेली तक्रार पाया पोखरते. झुंडीविरुद्ध आम्ही न्यायालयात जाऊ, रस्त्यावर उतरू. पण आम्ही अन्याय सोसतो म्हणून आम्ही केलेला अन्याय माफ होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या आम्ही इथे नोंदवतो. धर्मगुरूविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार आली की ती त्याच दिवशी पोलिसांत गेली पाहिजे, बिशपांच्या कपाटात नव्हे; आणि दर धर्मप्रांताने अशा तक्रारींचा आकडा दरवर्षी जाहीर केला पाहिजे. निवडणुकीच्या काळात वेदीवरून पक्षाचे नाव निघता कामा नये, सवलतीच्या बदल्यात तर नाहीच. धर्मग्राम परिषदेवर, शाळेच्या व्यवस्थापनात, मंडळीच्या विश्वस्तांत दलित ख्रिस्ती किती, हे प्रत्येक चर्चच्या फलकावर लागले पाहिजे. चर्चच्या नियतकालिकांनी जात लिहिलेली लग्नाची जाहिरात परत पाठवली पाहिजे. आणि या देशात जिथे जिथे ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत किंवा जातीचा कोपरा आहे, तिथल्या बिशपांनी कोर्टाच्या हुकमाची वाट न पाहता, स्वतः उभे राहून, येत्या सर्व पवित्रजनांच्या सणापूर्वी तो मोडावा.