लाहोरची गाडी कोणासाठी बंद आहे?

अमृतसर आणि लाहोर या दोन शहरांत सुमारे ५० किलोमीटरांचे अंतर आहे. कल्याणहून मुंबईस रोज लोकलने कामावर जाणारा कारकून एका फेरीत जेवढे अंतर कापतो, जवळजवळ तेवढेच. सिमला करारानंतर दोन्ही देशांचे संबंध हळूहळू पूर्वपदावर आले, त्या काळात २२ जुलै १९७६ रोजी या मार्गावर समझोता एक्सप्रेस धावू लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये ती थांबली. भारत सरकारने जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा काढून घेतला, त्याच्या निषेधार्थ पाकिस्तानने गाडी बंद केल्याचे जाहीर केले. पाठोपाठ भारतानेही दिल्ली-अटारी ही आपल्या बाजूची जोडगाडी रद्द केली. एका सरकारने दार लोटले, दुसऱ्याने आतून कडी घातली. दोघांनीही आपापल्या देशात टाळ्या मिळविल्या.

या टाळ्यांच्या कडकडाटात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. गाडी बंद झाल्याने नेमके कोणाचे अडले? इस्लामाबादच्या सेनापतींचे अडले नाही, दिल्लीच्या मंत्र्यांचेही नाही. दोन्हीकडच्या धनिकांचे तर मुळीच नाही. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला लाहोरच्या आप्तास दुबईत भेटता येते, मुलीचे लग्न तेथे लावता येते, व्यापाराची बोलणी तेथील हॉटेलात करता येतात. अडले ते जुन्या दिल्लीतल्या शिंप्याचे, मुरादाबादच्या पितळकाम करणाऱ्या कारागिराचे, फाळणीत कराचीस गेलेल्या बहिणीला मरण्यापूर्वी एकदा पाहू इच्छिणाऱ्या म्हातारीचे. सरकारांच्या भांडणात पहिला वार गरिबाच्या वाहनावर होतो, हाच या गाडीच्या इतिहासाचा सारांश आहे.

फाळणीने न तोडलेले युद्धाने तोडले

उपखंडातील रेल्वे ही मुळात एकच जाळे होते. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल मुंबईहून निघून दिल्ली-लाहोरमार्गे थेट पेशावरला जात असे. फाळणीनंतर तिचा प्रवास अमृतसरला संपू लागला. १९४७ साली याच पंजाबच्या रुळांवरून प्रेतांनी भरलेल्या गाड्या आल्या नि गेल्या. तरीही सीमेपलीकडची रेल्वे वाहतूक कायमची बंद करावी असे त्या रक्तबंबाळ वर्षांतल्या राज्यकर्त्यांना वाटले नाही. राजस्थानातील मुनाबाव आणि सिंधमधील खोखरापार यांच्यामधून, तसेच कलकत्ता आणि पूर्व बंगाल यांच्यामध्ये, उतारूंच्या गाड्या पुढे अठरा वर्षे चालत राहिल्या. त्या तुटल्या सप्टेंबर १९६५ च्या युद्धाने. फाळणीच्या कत्तलींनी जे साधले नाही ते सतरा दिवसांच्या लढाईने साधले, आणि लढाई संपल्यावरही तो तोडलेला दुवा पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे चार-चार दशके कोणी जोडला नाही. मुनाबाव-खोखरापार मार्ग फेब्रुवारी २००६ मध्ये थर एक्सप्रेसने पुन्हा उघडला. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस १४ एप्रिल २००८ रोजी, बंगाली नववर्षदिनी, सुरू झाली. बांगलादेशाच्या मुक्तीसाठी भारतीय जवानांनी १९७१ मध्ये रक्त सांडले; पण त्या मुक्त देशातल्या माणसाला रेल्वेने कोलकात्यास येण्यासाठी त्यानंतर ३६ वर्षे थांबावे लागले!

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा दूरदेशीचा विषय नाही. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत निर्वासित सिंध्यांची वस्ती झाली आणि तिचे उल्हासनगर झाले. या माणसांच्या गावांकडे जाणारी सरळ वाट म्हणजे जोधपूर-मुनाबावची. थर एक्सप्रेस सुरू होण्यापूर्वी त्यांना सिंधला रेल्वेने जावयाचे तर आधी उत्तरेस पंजाब गाठावा लागे, आणि लाहोरहून पुन्हा दक्षिणेस कराचीपर्यंत उतरावे लागे. उमरकोटकडचे सोढा राजपूत गोत्राच्या नियमामुळे राजस्थानात सोयरीक करतात. त्यांच्या घरांत माहेर आणि सासर यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय सीमा असते. थर एक्सप्रेस ही त्या लेकीबाळींची माहेरवाट होती. ऑगस्ट २०१९ मध्ये समझोत्याबरोबर तीही बंद पडली.

सुरक्षिततेचा युक्तिवाद

यावर ठराविक उत्तर येते: देशाची सुरक्षितता. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाकिस्तानातील लष्करशहांनी दहशतवादाला पोसले, हे नाकारणारा समाजवादी असूच शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली. त्या अमानुषतेचा धिक्कार कोणत्याही ‘परंतु’शिवाय केला पाहिजे. पण सुरक्षिततेचा युक्तिवाद करणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत नेला पाहिजे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहाजण समुद्रमार्गे आले. त्यांनी कोणत्याही खिडकीवर तिकीट काढले नव्हते, कोणाकडे व्हिसा मागितला नव्हता. समझोत्याचा उतारू मात्र अर्ज करतो, छायाचित्र देतो, कोणत्या गावी कोणाकडे उतरणार ते लिहून देतो, सीमेवर सामान उघडून दाखवितो आणि मुक्कामी पोहोचल्यावर पोलीस ठाण्यात हजेरी लावतो. उपखंडात याच्याइतका तपासलेला प्रवासी दुसरा कोणी नसेल.

गाडीतून चोरटा माल आणि अमली पदार्थ येत, हा दुसरा आक्षेप. येत असतील, सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वेळोवेळी ते पकडलेही आहेत. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात एकाच खेपेत सुमारे ३ हजार किलो हेरॉइन सापडले. त्यानंतर बंदर कायमचे बंद करावे असे कोणी सुचविले नाही, आणि ते योग्यच झाले. तपासणी कडक करावी, हाच शहाणपणाचा मार्ग होय. मग भांडवलदाराच्या बंदराला जो न्याय, तो हमालाच्या आणि शिंप्याच्या गाडीला का नाही?

तिसरी गोष्ट क्रिकेटची. पहलगामनंतर पाच महिन्यांच्या सुमारास, सप्टेंबर २०२५ मध्ये, आशिया चषकाच्या निमित्ताने दुबईत भारत आणि पाकिस्तान यांचे संघ तीन वेळा एकमेकांशी खेळले. खेळाडूंनी हस्तांदोलन टाळून राष्ट्रभक्तीचे प्रदर्शन केले. सामने मात्र टाळले नाहीत, कारण त्या सामन्यांत जाहिरातींचे अमाप उत्पन्न गुंतलेले होते. जेथे पैसा आहे तेथे संबंध चालतात, जेथे केवळ नाते आहे तेथे संबंध देशद्रोही ठरतात. या राष्ट्रवादाला ताळेबंद आहे, तत्त्व नाही.

उतारूंच्या रक्ताची किंमत

या गाडीच्या बंद पडण्याच्या तारखा तपासून पाहाव्यात. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून ती दोन वर्षे बंद राहिली आणि १५ जानेवारी २००४ रोजी पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पुलवामा-बालाकोटनंतर काही दिवस थांबली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायमची. यांपैकी एकाही प्रसंगी उतारूंचा कसलाही अपराध नव्हता. याच्या उलट, १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री पानिपतजवळ दिवाणा स्थानकापाशी या गाडीत स्फोट झाले आणि ६८ माणसे जळून मेली. मृतांत बहुसंख्य पाकिस्तानी नागरिक होते. त्या वेळी मात्र गाडी थांबली नाही. उरलेले डबे घेऊन ती सीमेकडे गेली आणि पुढेही चालत राहिली. मरणाऱ्या उतारूंनी जे नाते तोडले नाही ते जिवंत पुढाऱ्यांनी तोडले. मार्च २०१९ मध्ये पंचकुला येथील विशेष न्यायालयाने या खटल्यातील चारही आरोपींना निर्दोष सोडले. गाडी गेली आणि न्यायही गेला. ६८ जणांना कोणी मारले, याचे उत्तर दोन्ही देशांतल्या कोणत्याही राष्ट्रभक्ताला तातडीचे वाटत नाही.

आर्थिक बाजूही पाहिली पाहिजे. समझोत्याबरोबर या मार्गावरून मालगाड्यांचीही ये-जा होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क बसविले; ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबविला. व्यापारबंदीने मागणी नाहीशी होत नाही, ती केवळ रस्ता बदलते. ५० किलोमीटर जावयाचा माल समुद्राने दुबईस जातो, तेथे कागदपत्रे बदलतात, आणि तो पुन्हा परत येतो. या द्राविडी प्राणायामाचा खर्च दोन्हीकडचा ग्राहक भरतो आणि नफा मध्यस्थ खातो. अटारीच्या स्थानकावरचा हमाल, टांगेवाला, चहावाला यांची रोजी मात्र बुडते. ज्याला सरकार शत्रूवरचा आर्थिक प्रहार म्हणते, तो हमालाच्या चुलीवरचा प्रहार असतो.

पालघरच्या कोळ्याला तर या व्यवस्थेचा सर्वांत क्रूर अनुभव येतो. समुद्रावर रेघ आखलेली नसते. मासळीमागे गेलेली होडी पाकिस्तानी गस्ती नौकेच्या हाती लागते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडतात. सुटका झाली की कराचीहून त्यांना रेल्वेने हजार किलोमीटरांहून अधिक उत्तरेस लाहोरला नेतात, वाघ्याला स्वाधीन करतात आणि तेथून ते पुन्हा तेवढेच खाली महाराष्ट्रात येतात. समुद्राच्या काठाकाठाने असलेले दोन प्रांत, आणि घरी यावयास सारा उपखंड पालथा घालावा लागतो!

समाजवाद्यांचे कर्तव्य

पूर्वेकडची स्थितीही फार निराळी नाही. मैत्री, बंधन आणि मिताली या बांगलादेशाकडे जाणाऱ्या तिन्ही गाड्या जुलै २०२४ मध्ये तेथील विद्यार्थी आंदोलनाच्या धामधुमीत थांबल्या. ढाक्यातील सत्तांतरानंतर त्या लगेच सुरू होऊ शकल्या असत्या. दीर्घकाळ तसे झाले नाही. शिवाय मैत्री एक्सप्रेस चालू होती तेव्हाही तिचे सर्व डबे वातानुकूलित करण्यात आले होते. इस्पितळासाठी कोलकात्यास येणाऱ्या बांगलादेशी शेतकऱ्याला तिच्यात स्वस्त डबा उरला नाही. म्हणजे गाडी बंद असली तरी गरीब बाहेर, आणि चालू असली तरी गरीब बाहेर.

रेल्वे कोणासाठी, हा प्रश्न समाजवादी चळवळीने पूर्वीच विचारला होता. प्रा. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी बसविली आणि मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविरहित गाडी सुरू केली. गाडीची प्रतिष्ठा तिच्या सर्वांत स्वस्त डब्यावरून ठरते, हा त्यामागील विचार होता. डॉ. राममनोहर लोहियांनी भारत-पाक महासंघाची कल्पना मांडली. एप्रिल १९६४ मध्ये त्यांनी व जनसंघाचे दीनदयाळ उपाध्याय यांनी तिचा पुरस्कार करणारे संयुक्त निवेदन काढले. उपाध्यायांचे नाव उठता-बसता घेणाऱ्यांना या निवेदनाची आठवण करून देणे हे आज समाजवाद्यांचे काम आहे. महासंघ दूर राहो, निदान एक पॅसेंजर गाडी तरी?

हे अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांनी दोन उदाहरणे पाहावीत. फ्रान्स आणि जर्मनी ७० वर्षांत तीनदा एकमेकांशी लढले. आज फ्रान्सचे स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीचे केल यांच्यामध्ये ऱ्हाईन नदीवरून २०१७ पासून ट्राम धावते. दुसरे उदाहरण घरचेच आहे. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, मुंबईच्या हल्ल्यानंतर दिल्या, २०१९ नंतरही दिल्या. काही व्यवहार भांडणाच्या वर ठेवता येतात, हे दोन्ही सरकारे उत्तम जाणतात. अणुभट्ट्यांना जे संरक्षण मिळाले ते माणसांच्या नात्यांना मिळू नये काय?

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी निःसंकोचपणे लोकांपुढे नेली पाहिजे. सीमेपलीकडची उतारू गाडी हा राजनैतिक बक्षीस किंवा शिक्षा देण्याचा विषय राहू नये. अणुकेंद्रांच्या याद्यांप्रमाणे तिच्यासाठीही स्वतंत्र, अखंड पाळावयाचा करार व्हावा. विभक्त कुटुंबे, वृद्ध आणि रुग्ण यांना प्रवेशपत्रे प्रथम मिळावीत. प्रत्येक गाडीत स्वस्त, विनावातानुकूलित डबे असावेत. सुटलेल्या मच्छीमारांना जवळच्या समुद्रमार्गाने घरी पोहोचवावे. तपासणी हवी तितकी कडक असो. तिला समाजवाद्यांचा विरोध नाही.

ही मागणी करणाऱ्यास पाकिस्तानचा हस्तक म्हणतील. लोहियांनाही नावे ठेवणारे कमी नव्हते. आपल्या देशाच्या गरिबाची बाजू घेताना शेजारच्या देशाच्या गरिबाचीही बाजू घेतली जाते, याबद्दल समाजवादी माणसाने क्षमा मागण्याचे कारण नाही. अटारीचे फाटक उघडेल तेव्हा त्यातून प्रथम कोणी सेनापती किंवा शेठ बाहेर येणार नाही; ट्रंक सांभाळत, हातात खाऊची पुडी घेऊन कोणाची तरी मावशी उतरेल. तिला अडविण्याने कोणता देश बळकट झाला, एवढे दोन्ही सरकारांनी सांगावे.