स्टिअरिंग सोडणारा आणि सोडायला लावणारा

तिन्हीसांजेला कनेरगाव नाक्यावर उभे राहून पाहावे. वाशीमकडून हिंगोलीला येणारा राष्ट्रीय महामार्ग 161. त्यावर ट्रक, एसटी आणि मध्येच सोयाबीनची पोती लादलेली ट्रॉली. तिला मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी होती ती केव्हाच चिखलाखाली गेली. सुटलेल्या ताडपत्रीचे एक टोक तेवढे वाऱ्यावर फडफडते. मागून नवीकोरी मोटार येते. तिच्यात कॅमेरा आहे, रडार आहे, विक्रेत्याने कौतुकाने समजावून दिलेले 'ॲडास' आहे. गाडी आपोआप अंतर राखते, आपोआप ब्रेक लावते, या भरवशावर मालकाचा हात स्टिअरिंगवरून निघून मोबाइलकडे जातो. तो हात आमच्या माणसांच्या जिवावर उठला आहे, हे आम्ही ठणकावून सांगतो!

यंत्राशी आमचे वैर नाही. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, त्यांतली 15,224 महाराष्ट्रात. पेंगणाऱ्या चालकाला जागे करणारे, वेळेवर ब्रेक लावणारे यंत्र उद्या प्रत्येक ट्रकात बसले तर आम्ही त्याचे स्वागतच करू. चालकविरहित गाड्या देशात येऊ देणार नाही, लाखो चालकांची रोजीरोटी जाईल, असे नितीन गडकरी यांनी 2017 मध्ये सांगितले आणि 2023 मध्ये पुन्हा बजावले. त्यांची कळकळ खरी आहे. पण पूर्ण स्वयंचलित गाडी वेशीवर अडवली तरी अर्धी स्वयंचलित गाडी केव्हाच घरात शिरली आहे. 2021 पासून ती आपल्या चाकणमध्येच बनते. तिचे स्टिअरिंग सोडून बसल्याच्या चित्रफिती लोकांनी फुशारकीने फिरवल्या. आणि धोका या अर्धेपणातच आहे: माणूस यंत्रावर विसंबून गाफील होतो आणि यंत्र ऐन संकटात गाडी माणसाच्या हवाली करते.

18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेतल्या टेम्पी शहरात एक बाई सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. सायकलीला पिशव्या अडकवलेल्या. चाचणीवरच्या स्वयंचलित मोटारीला ती धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण ही वस्तू आहे, वाहन आहे की सायकल आहे, हे यंत्राला ठरवता येईना. झेब्रा पट्ट्यांशिवायही माणूस रस्ता ओलांडतो, हे त्याला कुणी शिकवलेलेच नव्हते! चाकामागे नेमलेली देखरेखनीस मोबाइल पाहत होती. बाई मेली. शिक्षा देखरेखनीसाला झाली, कंपनीवर फौजदारी खटलासुद्धा उभा राहिला नाही. आमच्या नाक्यावर सगळेच तसे रस्ता ओलांडतात. डोक्यावर भारा घेतलेली बाई, दुधाचे कॅन लावलेली सायकल, वासरू हाकणारा पोर. या माणसांना ओळखण्याची परीक्षा त्या यंत्राने कुठे दिली? कुणापुढे दिली?

दुसरे प्रकरण फ्लोरिडातले. 2019 मध्ये टेस्लाचा चालक 'ऑटोपायलट'वर विसंबून पडलेला मोबाइल शोधायला वाकला आणि रस्त्याकडेला उभी असलेली एक तरुणी प्राणास मुकली. ऑगस्ट 2025 मध्ये ज्युरीने दोष वाटून दिला: चालकाचा 67 टक्के, कंपनीचा 33 टक्के. कंपनीने तो मानलेला नाही. पण दोषाला दोन धनी असतात, हे तिथे भर कोर्टात सांगितले गेले. त्याच कंपनीचे दालन जुलै 2025 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात थाटात उघडले. तो न्याय मात्र अजून इथे पोचलेला नाही.

इथे काय होते? 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात बेस्टसाठी भाड्याने घेतलेली विजेची बस गर्दीत घुसली. चालक तडकाफडकी गजाआड गेला. अशा मोठ्या, गिअर न बदलाव्या लागणाऱ्या बसचे त्याला शिक्षण किती मिळाले होते, हा सवाल माणसे मेल्यावर विचारला गेला. नवे यंत्र हातात देताना तो विचारायला हवा होता!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. चालत्या गाडीत स्टिअरिंग सोडणाऱ्याचा परवाना जागच्या जागी निलंबित करा. अर्धे यंत्र पूर्ण म्हणून विकणाऱ्या कंपनीला अपघातात सहआरोपी करा. ब्रिटनने 2024 च्या कायद्यात, गाडी खरोखर स्वतः चालत असताना जबाबदारी ती बनवणाऱ्यांवर टाकली आहे, आपल्या कायद्यात तसे एक कलम घालायला कुणाची हरकत आहे? प्रत्येक मोटारीतली नोंद, म्हणजे ब्रेक यंत्राने लावला की माणसाने, ही पोलिसांच्या हाती आलीच पाहिजे. ट्रॉलीला लाल दिवा नसेल तर ती बाजार समितीच्या फाटकातच अडवा, तो दिवा शेतकऱ्याच्याच लेकराला वाचवणार आहे.

आणि ट्रकमालकांनो, तुमचे काय? मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा 2025 पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास काम, असे त्यात लिहिले होते. नाक्यावरच्या हॉटेलात पहाटे तीनला तोंडावर पाणी मारून पुन्हा केबिनमध्ये चढणाऱ्या ट्रकवाल्याला ते कुणी कधी वाचून दाखवले नाही. माणसाला यंत्रासारखे राबवायचे आणि तो पेंगला की त्याच्या जागी यंत्र बसवू म्हणायचे, हे पाप आहे.

समृद्धी महामार्ग गाठायला हिंगोलीचे पुढारी याच नाक्यावरून जातात. नागपूरच्या अधिवेशनाला निघताना त्यांनी इथे घटकाभर गाडी थांबवावी आणि स्वतःच्याच चालकाला विचारावे, काल रात्री तू किती तास झोपलास?