बालाघाटाची वाट

कोंकणांत किनाऱ्याकिनाऱ्यानें मोटारींतून फिरून आलेले लोक आपल्या बीड जिल्ह्यांत पाहण्याजोगें कांहीं नाहीं असें म्हणतात, हें आम्हांस मान्य नाहीं. श्रावणांत मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्यावरून सौताड्यास जावें. तेथें विंचरणा नदी बालाघाटाच्या खोल दरींत उडी घेते. खालचें रामेश्वराचें देऊळ मात्र मोटारींत बसून लाभत नाहीं. पायऱ्या उतराव्याच लागतात! पण सृष्टिशोभा वर्णिणाऱ्यांनीं हाच रस्ता दसऱ्यानंतरही पाहावा. तेव्हां धबधबा रोडावलेला असतो, आणि ऊसतोडीस निघालेलीं कुटुंबें भांड्याकुंड्यांसह ट्रकांत बसून पश्चिमेकडील साखर कारखान्यांकडे जात असतात. त्यांत शाळेचीं मुलेंही असतात. वर्गांतील त्यांच्या जागा बहुधा फाल्गुन-चैत्रापर्यंत रिकाम्या राहतात.