तिसऱ्या दिवसाचा कागद

जत, विटा, दहिवडी, पाटण. सांगली-साताऱ्यातले गाव कुठलेही घ्या. पंधरा-वीस खाटांचे हॉस्पिटल, रात्रीचे साडेदहा, तापाने फणफणलेला आणि धाप लागलेला रुग्ण. नातेवाईक खालच्या मेडिकलमधून पिशवी आणतो. सिस्टर वायलमध्ये पाणी सोडते, तळहातांत घोळवते, पूड विरघळली का ते उजेडात धरून पाहते. केसपेपरवर उमटते : ‘इंजे. सेफ्ट्रायक्झोन १ ग्रॅम, १२ तासांनी’. कशासाठी, ते कुठेच नसते.

या डोसाबद्दल डॉक्टरांना बोल लावणे अन्यायाचे होईल. जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची शंका असेल, तर तास-दोन तासांचा उशीरही जीवावर बेततो. घोळ होतो तो तिसऱ्या दिवशी. ताप उतरला तरी इंजेक्शन चालूच राहते आणि नाही उतरला तर त्याहून भारी, मेरोपेनेमसारखे सुरू होते. थांबवायला किंवा बदलायला हातात आधारच नसतो, कारण पहिल्या डोसाआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेतलेलेच नसते. घ्यायचे तरी पाठवायचे कुठे?

आपली धोरणे इथेच तोकडी पडतात. मार्च २०१४पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या ‘एच-१’ अनुसूचीत ही अँटिबायोटिक इंजेक्शने आली, दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी वही ठेवणे भाग पडले. जानेवारी २०२४मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी मेडिकल कॉलेजांतल्या डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिक देताना कारण नोंदवायला सांगितले. दोन्ही गोष्टी योग्यच. पण वही आणि पत्र यांनी जंतू ओळखता येत नाही.

लघवीचेच पाहा. नमुना दोन तासांत लॅबला पोचावा किंवा थंड ठेवावा लागतो. तालुक्याच्या गावी तो काउंटरवर पडून राहतो, संध्याकाळी पोऱ्या येऊन नेतो, तोवर बाटलीतच जंतू वाढतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टात दिसतो. त्यावर पुन्हा भारी इंजेक्शन. याच सांगली-साताऱ्यात गावोगावचे दूध नासायच्या आत शीतकरण केंद्रावर पोचते आणि त्याची फॅट तिथल्या तिथे कळते. ज्या मुलखाला हे साधले, त्याला लघवीच्या दोन बाटल्या थंड पेटीतून मिरजेला नेता येऊ नयेत, हे पटत नाही. क्षयरोग कार्यक्रमात थुंकीचे नमुने गावाकडून तपासणी केंद्रापर्यंत जातातच.

नेणार कुठे, हा प्रश्नही इथे अडायला नको. मिरजेत १८९४मध्येच वॉनलेस यांचे रुग्णालय सुरू झाले आणि १९६२पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे. कऱ्हाड, सांगली आणि आता साताऱ्यातही मेडिकल कॉलेज आहे. प्रत्येकाकडे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. या विभागांनी तालुक्यांतल्या सरकारी आणि खासगी, दोन्ही हॉस्पिटलांचे नमुने घ्यावेत; खर्च जिल्हा नियोजनातून व्हावा. आणि आपल्या भागात कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते, याचा एक पानी तक्ता दरवर्षी प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर पोचवावा. मूत्रमार्गाच्या संसर्गातल्या ई. कोलाय जंतूवर सेफ्ट्रायक्झोनच्या कुळातली औषधे अनेकदा चालत नाहीत, तर नायट्रोफ्युरँटॉइन ही जुनी, स्वस्त गोळी बहुतांशी अजून चालते, हे आयसीएमआरच्या अहवालांत आहे. ते मोठ्या रुग्णालयांचे आकडे. आटपाडीच्या डॉक्टरला आटपाडीचे हवेत.

काही गोष्टींना तर लॅबचीही गरज नाही. हर्निया किंवा सिझेरियनसारख्या स्वच्छ पार पडलेल्या शस्त्रक्रियेला चिरा देण्याआधीच्या तासाभरात दिलेला एक डोस बहुधा पुरतो. तरी टाके काढेपर्यंत इंजेक्शने चालतात, त्यामागे ‘पू झाला तर नाव जाईल’ ही भीती असते. ती भीती खरी आहे. एकट्या डॉक्टरने ती झुगारावी अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने एकत्र बसून नियम ठरवला, तर प्रत्येकाला त्याचा आडोसा मिळेल.

हे जमले, तर तिसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला डॉक्टरांच्या हातात मिरजेचा कागद असेल. तो वाचून त्यांना केसपेपरवर लिहिता येईल : इंजेक्शन आजपासून बंद.