‘कट’ कोणी म्हणायचं?

मास मीडियाची पदवी घेऊन अंधेरीत खोली शोधणाऱ्या अनेक मुलामुलींना पहिलं काम मिळतं ते रिॲलिटी शोमध्ये. बिग बॉससारखा शो असेल तर मॉनिटरसमोर बसून लॉगिंग करायचं: कोण कोणाशी काय बोललं, कोण कधी रडलं, हे टाइमकोडसकट टिपायचं. गाण्याचा शो असेल तर स्पर्धकाच्या घरी जाऊन ‘एव्ही’, म्हणजे त्याची ओळख करून देणारी चित्रफीत, करायची. पत्र्याचं छप्पर, वडिलांची रिक्षा वगैरे शॉट झाले की आईला कॅमेऱ्यासमोर बसवायचं, एक प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. ती शांतता आईला सोसवत नाही. ती बोलू लागते आणि बहुतेकदा बोलता बोलता रडते. असं गप्प राहणं ज्याला साधलं, त्याला पुढच्या सीझनला हमखास बोलावणं येतं.

हे कसब आहे, आणि ते निव्वळ वाईट आहे असं म्हणणं खोटेपणाचं होईल. 2024 मध्ये बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण बिग बॉस मराठी जिंकला, तेव्हा त्याची गरिबी प्रेक्षकांपर्यंत पोचवणारं कसब हेच होतं. एरवी त्या मुलाला कोणत्या वाहिनीने दारात उभं केलं असतं? अडचण आहे ती या कारकिर्दीच्या शिडीत. असिस्टंट प्रोड्युसर (एपी), क्रिएटिव्ह, सुपरवायझिंग प्रोड्युसर, शो रनर अशा पायऱ्या चढत जाताना पगार वाढतो, पण मोजमाप तेच राहतं: गुरुवारचा टीआरपी. नोकरी सीझनपुरत्या कराराची. मूळ कल्पना पुष्कळदा परदेशातून परवान्यावर आलेली; बिग बॉसचा साचा 1999 मध्ये हॉलंडमध्ये सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’चा. पैसा वाहिनीचा. अशा व्यवस्थेत समोरचा माणूस खरोखर कोसळतोय असं एखाद्याच्या लक्षात आलं, तरी शूटिंग थांबवण्याचा अधिकार शिडीच्या कुठल्याच पायरीवर लिहून दिलेला नसतो. आणि थांबवलं, तर पुढच्या सीझनचं काय?

समोरचा माणूस खरोखर कोसळेल ही भीती पोकळ नाही. 2010 मध्ये एनडीटीव्ही इमॅजिनवर ‘राखी का इन्साफ’ नावाचा कार्यक्रम होता. उत्तर प्रदेशातल्या झाशी भागातला एक तरुण आपला कौटुंबिक वाद घेऊन तिथे गेला. कार्यक्रमात त्याचा पाणउतारा झाला. पुढे त्याचा मृत्यू झाला, तेव्हा कुटुंबाने त्या अपमानाकडे बोट दाखवलं आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. नोव्हेंबरमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने आदेश काढला: हा कार्यक्रम आणि बिग बॉस रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेतच दाखवावेत. बिग बॉसपुरती त्या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

या आदेशाचा रोख कुणाकडे होता ते पाहण्यासारखं आहे. आरोप स्पर्धकाच्या अपमानाचा आणि उपाय प्रेक्षकाच्या झोपेच्या वेळेचा! तोच अपमान रात्री अकरानंतर दाखवला असता तर चाललं असतं? 2011 मध्ये वाहिन्यांनी तक्रारींसाठी स्वतःची परिषद स्थापली. पण तिच्यापुढे येतो तो प्रसारित झालेला मजकूर. सेटवर काय घडलं आणि त्यातलं काय एडिटमध्ये गेलं, हा हिशेब मागणारं तिथे कोणी नाही.

लहान मुलांच्या बाबतीत सरकारला हे उमगलं. 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि कमाईतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. सज्ञान स्पर्धकाला मात्र त्याच्या सहीवर सोडून दिलं आहे. ब्रिटनमध्ये 2019 मध्ये एका पाहुण्याच्या मृत्यूनंतर आयटीव्हीने ‘द जेरेमी काइल शो’ बंदच केला, आणि एप्रिल 2021 पासून ऑफकॉम या प्रसारण नियामकाने सहभागी माणसांची काळजी घेणं हे वाहिन्यांवर बंधनकारक केलं.

काम अडवू शकणारा माणूस बाहेरचा ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही, फक्त ती टीव्हीच्या धंद्यात आलेली नाही. लखनौत रेल्वे सुरक्षा आयोगाचं मुख्यालय आहे, आणि हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. ज्याला गाडी वेळेवर पोचवायची आहे, त्याच्याच हाताखाली ती अडवणारा असू नये, एवढा शहाणपणा त्यामागे आहे. नव्या मार्गावरून प्रवासी नेण्याआधी या आयोगाच्या आयुक्ताची मंजुरी लागते.

रिॲलिटी शोच्या सेटवर निर्मात्याच्या किंवा वाहिनीच्या पगारावर नसलेला, शूटिंग थांबवू शकणारा असा एक तरी माणूस असणं मी अनिवार्य मानतो. या क्षेत्रात जाणाऱ्यांनी मुलाखतीतच विचारावं, असा माणूस तुमच्याकडे आहे का? बहुतेक ठिकाणी उत्तर म्हणून करार दाखवला जाईल. पण स्पर्धक त्या करारावर सही करतो तेव्हा त्याच्या सात दिवसांतून कोणती सात मिनिटं उचलली जाणार हे त्याला ठाऊक नसतं, आणि खरं तर निर्मात्यालाही नसतं. दुसरी हरकत खर्चाची निघेल: सेटचं भाडं, शिफ्टचे पैसे, शूटिंग असं थांबवून कसं चालेल? ते तर आजही थांबतं. प्रायोजकाचा लोगो फ्रेममध्ये कापला गेला की शॉट पुन्हा घेतात, आणि तेव्हा भाड्याचं नावही कोणी काढत नाही.