आधी लेन्स, मग कॅमेरा

जुना फिल्म कॅमेरा घ्यायचा म्हटलं की कॉलेजात सगळे एकच नाव घेतात: कॅनन एई-१. दिसायला झकास आहे, मान्य. पण त्याचं शटर बॅटरीवर चालतं. सेल संपला की रामघाटावर आरती सुरू आणि तुम्ही गळ्यात वजन अडकवून उभे!

माझं म्हणणं उलटं आहे. घरात कुठली लेन्स पडली आहे ते आधी बघा. आमच्या कपाटात मामाच्या झेनिटची ५८ मिमी हेलिओस निघाली. झेनिट कधीच बंद पडलाय, लेन्सची काच मात्र स्वच्छ. मम्मी-पप्पांच्या लग्नाचे चर्चमधले फोटो हिच्यातूनच आलेत. हिचा माउंट एम४२, म्हणजे ४२ मिलिमीटरचे आटे; लेन्स फिरवून बसवायची. निकॉनवर साध्या रिंगने लावली तर लांबचं काही फोकसच होत नाही. पेन्टॅक्स स्पॉटमॅटिकवर थेट बसते, के१००० वर अ‍ॅडॅप्टरने. दोन्हींचं शटर बॅटरीशिवाय चालतं, सेल लागतो तो फक्त मीटरला.

लेन्स विकतच घ्यायची तर मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा. मी एकदा नुसती चकाकी बघून घेतली, आत बुरशीचं जाळं. विकणारा म्हणाला, "धूळ आहे." बॉडी घेताना शटर १ सेकंदावर ठेवून कान लावा, अडखळतंय का ते कळतं. तेवढं नीट असेल तर वरचे ओरखडे सोडून द्या. वाचलेल्या पैशांत रोल येतो. माझ्या पहिल्या ३६ फोटोंत मम्मी-पप्पांना पुन्हा त्याच चर्चच्या दारात उभं करायचंय.